मास्तरांचे ठसे छापायला घेण्याआधी

गाठोडं सोडू नका. आधी फोटो.

माळवदाच्या घरात कणगीमागून एखाद्या जुन्या ड्रॉइंग मास्तरांनी कोरलेले फुलापानांचे लाकडी ठसे निघाले, की हात शिवशिवतात ते गाठ सोडायला. घात तिथेच होतो, माझा झाला. पळसाच्या रेघांचा ठसा कुठला आणि त्याच पळसात रंग भरायचा कुठला, हे लिहून ठेवलेलं नसतं. एकावर एक रचून चिंधीने बांधलं, हीच मास्तरांची वही. सगळे ठसे ओसरीवर मांडून ‘वा, काय काम आहे’ म्हणेपर्यंत ती वही फाटलेली असते. पळसाच्या पाकळीचा भरणीचा ठसा पांगाऱ्याच्या रेघांवरही बऱ्यापैकी बसतो, आणि चूक कळते ती छापून झाल्यावर. म्हणून वरून फोटो, चारही बाजूंनी फोटो, प्रत्येक थर उचलण्याआधी फोटो. नंबर चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहून चिठ्ठी दोऱ्याने बांधा. लाकडावर पेन नको, चिकटपट्टी तर नकोच. ज्या वर्तमानपत्रात गुंडाळलंय ते फेकू नका, त्यावर तारीख असते.

त्याच्याही आधी घरच्यांची परवानगी, लेखी. ठसे विकत घेतले म्हणजे चित्राचा हक्क आला असं होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलावंत गेल्यावर साधारण 60 वर्षं तो वारसांकडे राहतो. वारसांत लेकीही येतात. पुण्यातल्या मुलाने फोनवर ‘छापा की’ म्हटलं म्हणून भागत नाही.

मास्क, हातमोजे. ही हौस नाही. खाचेत अडकलेला केशरी रंग शेंदूर असेल तर त्यात शिसं असतं, पिवळा हरताळ असेल तर आर्सेनिक. तो रंग खरवडून काढू नका; विष आहे म्हणून, आणि मास्तरांनी फूल कुठल्या रंगात पाहिलं याचा तेवढाच पुरावा उरलाय म्हणूनही. साफसफाई कोरड्या मऊ ब्रशने. पाण्यात भिजवणं, तारेचा ब्रश, जवसाचं तेल, तिन्ही बंद. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड पाण्याने फुगतं, परत वाळताना तडकतं. जवसाचं तेल बारीक रेघांत चिकासारखं घट्ट बसतं. सागाच्या नाराला, म्हणजे आतल्या पक्क्या लाकडाला, सहसा कीड लागत नाही, पण हलक्या लाकडातून भुसा गळत असेल तर ठसा प्लास्टिकमध्ये हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये, उणे 18 अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, नाहीतर दव धरतं.

फोटो काढलेत ना? सोडण्याआधीचे?

आता झाडं ओळखा. इथे घाई नको, कारण छापाखाली नाव जाणार. घरच्यांनी सांगितलेलं गावठी नाव लिहून घ्या, मग व्ही. एन. नाईक यांच्या 1998 च्या ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’शी ताडून पाहा. वेलीवर खास नजर ठेवा. घेवड्यासारख्या बहुतेक वेली नेहमीच्या स्क्रूच्या आट्यासारख्या चढतात. ठशावर चित्र उलटं असतं, तेव्हा लाकडात वेल डावीकडून उजवीकडे खाली उतरली पाहिजे. ती छापातच उलटी आली, तर मास्तरांनी कच्चं चित्र पालटून न घेता तसंच कोरलं असणार. ते कॉम्प्युटरवर ‘सुधारू’ नका, टीप टाका.

नावावरून आठवलं. 1542 साली जर्मन वैद्य फुक्स यांचा वनस्पतीग्रंथ निघाला, त्यात चित्र काढणारा, ते लाकडावर उतरवणारा आणि कोरणारा, तिघांचीही व्यक्तिचित्रं छापलीत. आपल्याकडे मास्तरांचं नाव हजेरीपटाबाहेर सापडत नाही. शाळेत विचारा, जुने विद्यार्थी गाठा, कोरणारे मास्तरच की गावचा सुतार तेही विचारा.

कागद: दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावर कागजीपुरा आहे, तुघलकाच्या काळापासून हातकागदाचं गाव. तिथला जाड कागद दिसतो झकास, पण पानाच्या शिरांइतक्या बारीक रेघा त्यावर तुटतात. पातळ मागा, किंचित ओलसर करून वापरा. आधी रद्दीवर छाप घ्या. शाई तेलाची, थोडी, रबरी रोलरने. दाब हाताने, चमच्याच्या पाठीने. छापखान्यातला ट्रेडल मशीनवाला ‘आणा इकडे, पाच मिनिटांचं काम’ म्हणाला तरी देऊ नका, वाकलेलं लाकूड तिथे फुटतं. आधी रेघांचा ठसा, मग भरणीचा, आणि जोडी जुळवायला पुन्हा तेच फोटो. पावसाळ्यात छापू नका, मे महिन्यातही नको. दिवाळीनंतर बरं.

पुढचं थोडक्यात: शाई लगेच पुसा, कापडाला जेमतेम तेल, जवसाचं नव्हे. छाप दोरीवर वाळवा. प्रत्येकावर मास्तरांचं नाव, गाव, छापल्याचं साल. मोजक्या प्रती, त्यातल्या पहिल्या घरच्यांना. फ्रेमवाल्याला काचेला कागद चिकटवू नको म्हणून बजावा. ठसे परत देताना जुन्याच चिंधीत, जुन्याच क्रमाने बांधा, आणि फोटोंची एक प्रत गाठोड्यातच ठेवा.