वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप माणसं जोडून ठेवेल असा कसा चालवावा

दक्षिण कोकणातल्या बहुतेक वाड्या दोन ठिकाणी राहतात. अर्धी माणसं गावात आणि अर्धी मुंबई, ठाणे, विरार, डोंबिवलीत. गावात ग्रामस्थ मंडळ असतं, तिकडे मुंबई मंडळ असतं. पूर्वी या दोघांमधला दुवा म्हणजे पत्र, एसटीतून येणारं सामान आणि गणपतीत होणारी भेट. आता तो वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला आहे. त्याच ग्रुपवर वर्गणीवरून भावकी फुटते, आणि त्याच ग्रुपमुळे रात्री अकरा वाजता आजारी म्हाताऱ्यासाठी गाडी उभी राहते. दोन्ही घडतं, आणि काय घडेल हे बरंचसं ग्रुप कसा बांधलाय यावर ठरतं.

मुळात एक गोष्ट पक्की धरा: ग्रुप कळवायला चांगला, ठरवायला आणि भांडायला वाईट. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. शिवाय साठ घरं बघत असताना कोणी माघार घेत नाही. पडवीत बसून काका पुतण्याला “बरं, तुझं खरं” म्हणू शकतो. ग्रुपवर, नातवंडांसमोर, नाही म्हणू शकत.

माणसं नव्हे, घरं मोजा

ग्रुप सुरू करण्याआधी (किंवा जुना असेल तर या आठवड्यात) वहीत वाडीतल्या सगळ्या घरांची यादी करा. प्रत्येक घरापुढे दोन नंबर हवेत: एक गावातला, एक बाहेरचा. त्यातला एक घरातल्या बाईचा असू द्या. कारण साधं आहे. गावातल्या घरात स्मार्टफोन बहुधा मुलाच्या खिशात असतो आणि तो कामावर गेला की पाण्याची वेळ बदलल्याचा निरोप त्याच्या खिशातच राहतो. पाणी भरणारी मात्र घरी असते. माहेरवाशिणींनाही घ्या. गौरीच्या ओवशाला, जत्रेला त्या येतातच, आणि माहेरच्या म्हाताऱ्यांना नेमाने फोन करणाऱ्याही बहुधा त्याच असतात.

ज्या घरात स्मार्टफोन नाही ते घर सगळ्यात आधी तुटतं. म्हणून अशा दर चार-पाच घरांमागे जवळचा एक माणूस नेमा. त्याचं काम एवढंच: महत्त्वाचा निरोप आला की चालत जाऊन सांगायचा आणि “सांगून झालं” असं ॲडमिनला कळवायचं. देवळाच्या फळ्यावरही तोच मजकूर खडूने लिहा.

ॲडमिन तीन असावेत: गावातला एक, मुंबईतला एक आणि एक बाई. तिघं एकाच भावकीतले नकोत, आणि ग्रामपंचायतीला उभा राहणारा कोणी त्यात नको. मुदत एका गणपतीपासून पुढच्या गणपतीपर्यंत.

ग्रुप दोन करा

पहिला ‘सूचना’. यात फक्त ॲडमिन लिहितील अशी सेटिंग ठेवा. दुसरा ‘गजाली’, म्हणजे गप्पा. तिथे शुभेच्छा, पहिल्या पावसाचे फोटो, भजनाचे व्हिडिओ, काय हवं ते. एकच ग्रुप ठेवला तर सुप्रभातच्या फुलांखाली पाण्याची सूचना गाडली जाते. मग लोक ग्रुप म्यूट करतात, आणि म्यूट केलेल्या ग्रुपवरचा मर्तिकाचा निरोपही दुसऱ्या दिवशी कळतो.

दोन्ही ग्रुपवर नवा सदस्य ॲडमिनच्या मंजुरीनेच येईल असं ठेवा. आमंत्रणाची लिंक बाहेर फिरली तर ती रीसेट करा. जुनी लिंक तिथेच मरते. कोणी नंबर बदलला की जुना लगेच काढा. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच ग्राहकाला दिला जातो.

सूचना लिहायची पद्धत

‘उद्या’, ‘आज संध्याकाळी’, ‘परवा’ हे शब्द सूचनेत वापरू नका. डोंगराआडच्या वाडीत रेंज रात्री येते, निरोप सकाळी वाचला जातो, आणि “उद्या पाणी येणार नाही” याचा अर्थ एक दिवस पुढे सरकतो. तारीख, वार, वेळ, ठिकाण आणि निरोप कोणाकडून आला हे पाचही लिहा. असं:

“शुक्रवार, १४ तारीख. सकाळी ७ ते दुपारी १ नळाला पाणी नाही. वरच्या टाकीची सफाई. भरून ठेवा. – पाणी कमिटीकडून, वाडीचा ॲडमिन.”

एका निरोपात एकच विषय. शक्यतो फोटो न टाकता मजकूर टाका. कमी रेंजमध्ये फोटो उतरत नाही आणि नंतर शोधताही येत नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी खाली मालवणीत अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप जोडा. चूक झाली तर १५ मिनिटांत तोच मेसेज सुधारता येतो. त्यानंतर कळलं तर ‘दुरुस्ती’ असं वर लिहून नवा टाका आणि जुना सर्वांसाठी डिलीट करा. दोन्ही राहिले की अर्धी वाडी जुनाच वाचते. महत्त्वाची सूचना २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांसाठी पिन करता येते.

निरोप कोणाकडून आला हे का लागतं, ते जत्रेच्या तारखेवरून कळेल. आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा ठरावीक तिथीला नसते, तारीख दर वर्षी ठरते आणि मग जाहीर होते. त्या तारखेवर चाकरमान्यांच्या रजा आणि तिकिटं अवलंबून असतात. मागच्या वर्षीचं चित्र कोणी पुढे ढकललं तर पैसे आणि रजा दोन्ही जातात. देवस्थानकडून खात्री झाल्याशिवाय कोणत्याही जत्रेची, पालखीची तारीख सूचना ग्रुपवर टाकू नका.

प्रवासाची जुळवाजुळव

इथे ग्रुप खरा उपयोगी पडतो. रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होतं), आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. चतुर्थीच्या तारखेतून दिवस मोजून साधारण ७५ दिवस आधी पोल टाका: कोणत्या तारखेला निघणार? दुसरा पोल: कुठून चढणार? परळ, दादर, बोरिवली, ठाणे, पनवेल. पोलमध्ये बारापर्यंत पर्याय देता येतात आणि कोणी काय निवडलं हे दिसतं. एका भागातून बसभर माणसं जमली तर एसटीचं ग्रुप बुकिंग करा. एकाच गाडीतून दहा-बारा तास आलेली घरं गावात उतरतात तेव्हा त्यांचं बोलणं आधीच सुरू झालेलं असतं.

पोल एवढ्यापुरताच. देवळाचा खर्च, रस्त्याची जागा, पदाधिकारी हे पोलवर ठरवू नका. मंडळाचं मंडळाच्या बैठकीत आणि गावाचं ग्रामसभेत ठरतं. ज्याच्याकडे फोन नाही त्याचं मत पोलमध्ये नसतं, आणि तोच पुढे काम अडवतो. त्याचं अडवणं रास्तही असतं.

वर्गणी

सगळ्यात जास्त माणसं इथे दुरावतात. ‘बाकीदारांची यादी’ ग्रुपवर कधीही टाकू नका. ज्याने विसरून दिली नाही तो संतापतो. ज्याच्याकडे खरंच नव्हती तो गणपतीला यायचाच थांबतो. देणाऱ्यांची यादी रकमेप्रमाणे लावणंही तितकंच वाईट. २५,००० रुपयांच्या खाली एकट्या राहणाऱ्या म्हातारीचे ५०१ वाचले की तिला ते लागतं, कोणी काही बोललं नाही तरी. यादी द्यायचीच तर घरांच्या क्रमाने, रकमेविना. पावती ज्याची त्याला वैयक्तिक पाठवा. ग्रुपवर टाका ते एकूण जमा, एकूण खर्च आणि बिलांचे फोटो. तिथे मात्र काहीही झाकू नका. संशय बहुधा न टाकलेल्या बिलातून वाढतो. ज्याची वर्गणी राहिली त्याला त्याच्याच भावकीतल्या एकाने संध्याकाळी एक फोन करावा. एकदाच.

क्यूआर कोड मंडळाच्या बँक खात्याचाच हवा, खजिनदाराच्या खाजगी खात्याचा नको, आणि तो फक्त सूचना ग्रुपवर असावा. ओळखीच्या नंबरवरून “तातडीने पैसे पाठव” असं आलं तर आधी साधा फोन लावा. व्हॉट्सॲपचा सहा अंकी कोड फसवून घेऊन व्हॉट्सॲप खातं बळकावणं आणि मग ग्रुपमधल्यांकडे पैसे मागणं ही नेहमीची फसवणूक आहे. सर्वांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपचा टू-स्टेप पिन लावून द्या. हे काम सुट्टीत आलेली मुलं एका दुपारी करू शकतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

भांडण पेटलं तर

तिसऱ्या उलट उत्तराला ॲडमिनने हात घालायचा. आधी ग्रुप ‘फक्त ॲडमिन’ करा आणि एवढंच लिहा: “हा विषय बैठकीत घेऊ. ग्रुप शनिवारी, १५ तारखेला संध्याकाळी ६ ला उघडेल.” बाजू घेणारं एकही वाक्य नको. मग तासाभरात दोघांना वेगवेगळा फोन. नंतर देवळाच्या मंडपात किंवा तिसऱ्याच कोणाच्या पडवीत बसा, आणि दोघांनी वाचून मान्य केलेली एक ओळ ग्रुपवर टाका. बांध, पायवाट आणि देवळातला मान हे विषय गजालीवरही नकोत, असं पहिल्याच दिवशी ठरवा.

कोणालाही रागात काढू नका. शहरातल्या शंभर ग्रुपांपैकी एकातून बाहेर पडणं वेगळं. वाडीच्या ग्रुपमधून काढणं म्हणजे वाळीत टाकल्यासारखं वाचलं जातं. आणि “त्यांच्या घरी कोणी जाऊ नका” असा मेसेज तर गुन्हा ठरू शकतो. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिन दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे. म्हणून घाबरून ग्रुप बंद करायची गरज नाही. पण ॲडमिन स्वतःही सामील असेल तर ही ढाल चालत नाही.

अफवा

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्याआधी मुलं पळवण्याच्या अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. मेसेजवर दुहेरी बाण म्हणजे तो खूपदा फिरून आलेला आहे, तुमच्या गावचा नाही. फिरस्ते, फेरीवाले, अनोळखी गाडी यांच्याबद्दलचा कोणताही मेसेज ग्रुपवर राहू देऊ नका. शंका खरी असेल तर पोलीस पाटलांना फोन करा किंवा ११२ लावा.

मर्तिक आणि आजारपण

घरच्यांना विचारल्याशिवाय निरोप टाकू नका. मुंबईतल्या मुलाला बापाचं जाणं ग्रुपवरून कळू नये. निरोपात अंत्यविधीची वेळ आणि मुंबईहून निघणाऱ्या गाडीचा नंबर द्या. सूचना ग्रुपवर उत्तरं येत नाहीत हे इथे बरंच ठरतं: ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ऐंशी वेळा लिहिली गेली की प्रत्येकाला आपण भेटल्यासारखं वाटतं, आणि घर रिकामं राहतं. त्याऐवजी ॲडमिनने वाटणी करावी: पहिल्या दिवशी पेज कोणाकडून, रात्री सोबतीला कोण, मुंबईतल्या कोणी तेराव्यापर्यंत कोणत्या दिवशी फोन करायचा.

रेंज गेली तर

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा वीज आणि फोन दोन्ही गेले आणि बाहेर असलेल्यांना घरच्यांची खबर मिळेना. त्यामुळे मे संपण्याआधी प्रत्येक घरात कागदावर लिहिलेले सहा नंबर भिंतीला लावा: पोलीस पाटील, सरपंच, तलाठी, वायरमन, गाडीवाला आणि वाडीबाहेरचा एक नातेवाईक. त्याखाली १०८ आणि ११२. देवळाची घंटा किंवा भजनाचा माईक कशासाठी वाजेल हे ठरवा. मुंबईकरांनी गावातल्या दहा जणांना एकदम फोन न करता एकाच ठरलेल्या माणसाला करावा आणि त्याने ग्रुपवर टाकावं; गावातल्या फोनची बॅटरी त्या रात्री मोलाची असते.

गणपतीत सगळे गावात असताना अर्ध्या तासाची बैठक लावा आणि वही उघडा. कोणतं घर यादीतून गळलं, कोणाचा नंबर बदलला, कोण ग्रुपमधून निघून गेला आणि का, हे वाचून काढा. निघून गेलेल्याच्या घरी त्याच दिवशी आरतीला दोघांनी जायचं, आणि ते दोघे कोण हे वहीतच लिहून बैठक संपवायची.