आंबा देठासकट काढा, मग वाटा

दारचे आंबे शेजारीपाजारी वाटले की हमखास ऐकू येतं, 'गोड होते हो, पण साल काळी पडली होती.' बरेचदा हे चिकाचं काम असतं. देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तेवढी जागा भाजल्यासारखी होते. पुढे आंबा तिथूनच खराब व्हायला लागतो.

१. झेल्याने (आंबे काढायची, टोकाला जाळी आणि पातं असलेली लांब काठी) हिसका मारू नका. पात्यात देठ अडकवून कापा, बोटभर देठ फळाला राहू द्या.
२. खाली आणल्यावर जेमतेम १ सेंमी देठ ठेवून बाकीचा कात्रीने उडवा आणि आंबा लगेच उलटा करा. देठ खाली ठेवून तासभर जाळीच्या ट्रेवर किंवा बाजेवर निथळू द्या.
३. धुऊन, पुसून, सावलीत कोरडे करून मगच पेंढ्याच्या अढीत (आंबे पिकायला रचून ठेवतात ती जागा) घाला.

जमिनीवर पडलेले आंबे अढीत नकोच, कितीही चांगले दिसले तरी. आतून दबलेला एक शेजारच्या चौघांना घेऊन बसतो. पडीचा माल पन्ह्याला आणि लोणच्याला.

वाटायला शक्यतो कडकच द्या. प्रत्येक पुडीच्या कागदावर काढल्याची तारीख लिहा आणि 'पिकेपर्यंत फ्रिजमध्ये नको' एवढं बजावा. काही मंडळी पिशवी घरी नेली की थेट फ्रिजमध्येच ढकलतात, मग आंबा धड पिकत नाही.

चीक अंगावर उतू शकतो, म्हणजे कातडीवर चट्टे किंवा फोड उठू शकतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. झेला डोक्यावर असताना आ वासून वर बघू नका. डोळ्यांत थेंब गेला तर फार झोंबतो.