फुटबॉल आणि पक्षी दोन्ही फुकटात शिकायचंय? आधी तारीख बघा

ऑनलाइन कोर्स फ्री आहे म्हणजे कायमचा आपला झाला असं समजू नका. बऱ्याच प्लॅटफॉर्मवर एनरोल केलं की त्याच क्षणी घड्याळ चालू होतं, तुम्ही पहिला व्हिडिओ उघडलाय का नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. मी हौसेनं फुटबॉल ॲनालिसिस आणि इकॉलॉजी (पक्षी-निसर्गाचा अभ्यास) एकाच रात्री घेतले, मग फुटबॉलमध्येच रमलो (कोल्हापूरचा असल्यावर दुसरं काय होणार), इकॉलॉजीकडं वळेपर्यंत तिथं कुलूप. जे थोडं झालं होतं त्याच्या नोट्सपण तिथल्याच रकान्यात टाईप केलेल्या, त्यापण गेल्या. पैसे भरले तर उघडणार म्हणे! अजून डोकं फिरतं. तर फ्री ॲक्सेस कधी संपतो ते आधी शोधा, बारीक अक्षरात कुठंतरी लिहिलेलं असतं. आज सुरू करणार नसाल तर नुसती लिंक ठेवा, एनरोल करू नका. आणि नोट्स वहीत. वहीतच.

सगळीकडं असं नसतं, घाबरू नका. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं ओपनलर्न 2006 पासून चालू आहे, खेळ आणि निसर्ग दोन्हीवरचे कोर्स मिळतात, उतरवूनही घेता येतात. आयआयटीवाल्यांच्या एनपीटेलची लेक्चर्स यूट्यूबवर असतात, पण तिथं कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला घातलं असं होत नाही, त्याचं रजिस्ट्रेशन वेगळं आणि फीसुद्धा.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर पीडीएफ बघून कुठलाही क्लब बोलवत नाही. कोचिंग करायचं असेल तर एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघाच्या) लायसन्सचा रस्ता वेगळा, तिथं मैदानात घाम गाळावा लागतो. टेलिग्रामवर 'स्काउट बना' (म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणारा) म्हणत पैसे मागणाऱ्या गुरुजींपासून लांब राहा, माझं त्यांच्याबद्दलचं मत इथं लिहिण्यासारखं नाही. आणि दुप्पट स्पीडनं लेक्चर बघणाऱ्यांनी निदान शिकलो असं म्हणू नये.

त्यापेक्षा फुटबॉलचे आकडे गोळा करणाऱ्या स्टॅट्सबॉम्बचा फ्री डेटा घ्या. 2022 च्या वर्ल्ड कप फायनलचा प्रत्येक पास, प्रत्येक शॉट मैदानावर कुठं झाला ते त्यात आहे. पहिल्या हाफमध्ये फ्रान्सचा एकही शॉट नव्हता. का नव्हता, बॉल कुठं सुटत होता, ते आधी मॅच बघत स्वतः कागदावर मांडा, मग डेटा उघडून ताडून बघा. पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा) येत नसेल तरी कागदाचं काम अडत नाही.

पक्ष्यांचंही तसंच. मर्लिन ॲप आवाजावरून नाव सांगतं, पण पक्षी स्वतः बघितल्या-ऐकल्याशिवाय ते नाव ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाईटवर, चढवू नका. तिथं पूर्ण यादी द्यायची म्हणजे किती वेळ, किती अंतर चाललात आणि ओळखता आले ते सगळे पक्षी, कावळा-साळुंकीसकट. नुसते भारी पक्षी टाकले तर बाकीचे तिथं नव्हते की तुम्ही लिहिले नाहीत हे वाचणाऱ्याला कळणार कसं? कावळा लिहायचा जसा कंटाळा येतो तसाच मॅच बघताना बॅकपास लिहायचा येतो, पण नुसते गोल लिहून काढायला ॲनालिस्ट कशाला पाहिजे, ते पेपरात छापून येतातच की.