थंडीत घर विकायला काढलंय? आधी फोडणीच्या वासाचं बघा
न्यू जर्सीत जानेवारीत घर विकायला काढलं, बर्फाचं टेन्शन होतं पण खरी डोकेदुखी निघाली वासाची. खिडक्या बंद, हीटिंग चालू, त्यात रोजची फोडणी, आपल्याला कळत नाही पण दारातून आत येणाऱ्याला लगेच कळतं. आमचा रेंज हूड (शेगडीवरची चिमणी) तर हवा बाहेर टाकतच नाही, फिरवून घरातच सोडतो! मग त्याची जाळी गरम पाण्यात डिश सोप घालून भिजवली (काय पिवळं तेल निघालं, बापरे), हूडमधला वास शोषणारा चारकोल फिल्टर नवा, फर्नेसचा (घर गरम करणाऱ्या यंत्राचा) फिल्टर नवा, पडदे धुतले, आणि फोडणी थेट गराजमध्ये इंडक्शनवर, शटर उघडं ठेवून. वास गेला. सेंटेड कॅन्डल लावू नका, लोकांना वाटतं काहीतरी लपवताय. आणि शोइंग (लोकांना घर दाखवणं) दुपारीच ठेवा, पाचला अंधार पडतो.