डक्सफर्डच्या हँगरमध्ये जाताना

मुंबईहून लंडनला गेलेल्यांनी केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड विमानतळासाठी एक अख्खा दिवस राखून ठेवावा, कारण 1938 मध्ये पहिली स्पिटफायर विमाने जिथे दाखल झाली, तिथेच आज दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांची दुरुस्ती जवळून पाहता येते. लोकलच्या गर्दीत घेतो तशी पाठीवरची बॅग इथेही पुढे घ्यावी. कारण हरिकेन या लढाऊ विमानाचा मागचा भाग पत्र्याचा नसून धातूच्या नळ्या व लाकडी सांगाड्यावर ताणून बसवलेल्या कापडाचा असतो आणि बकलाच्या टोकानेही तो फाटू शकतो. स्पिटफायर आणि हरिकेन या विमानांत बसवले जाणारे मर्लिन इंजिन उघडे पडलेले दिसले, तर तिथे निवांत थांबावे. रंगवून सजवलेल्या विमानापेक्षा ते अधिक बोलके असते. उन्हाळ्यातही स्वेटर जवळ असावा.