स्टेरॉइडची मात्रा उतरवताना

प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्या तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ घेतल्या असतील, तर त्या स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नयेत. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) तयार करतात. तेच काम करणारे औषध बाहेरून मिळू लागले की मेंदूकडून त्यांना येणारा संदेश क्षीण होतो आणि त्या सुस्तावतात. औषध थांबले म्हणून त्या लगेच कामाला लागत नाहीत. काहींच्या बाबतीत कित्येक महिने जातात.

त्यामुळे कोणत्या तारखेपासून किती मिलिग्रॅम घ्यायचे, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे. मूळ आजार शांत असेल तर मोठी मात्रा तुलनेने भराभर उतरवता येते. खरा संयम लागतो तो प्रेडनिसोलोन दिवसाला 5 मिलिग्रॅमच्या आसपास आल्यावर, कारण शरीराची रोजची गरज साधारण तेवढीच असते, आणि ‘आता उरलीच किती’ म्हणून गोळी सोडून देण्याचा मोह नेमका तेव्हाच होतो. या टप्प्यावर बहुधा काही आठवड्यांच्या अंतराने 1-1 मिलिग्रॅम कमी केला जातो. गरज भासल्यास सकाळी रक्तातील कॉर्टिसॉल तपासतात. तपासणीपूर्वी गोळी किती वेळ घ्यायची नाही, हे आधी विचारावे. विशिष्ट आवरण असलेल्या गोळ्या तोडून अर्ध्या करू नयेत.

मात्रा उतरताना थकवा, सांधेदुखी किंवा उदासपणा जाणवू शकतो. तो औषध कमी झाल्यामुळे आहे, मूळ आजार उलटल्यामुळे की ग्रंथी अपुऱ्या पडल्यामुळे, हे रुग्णाला घरी ठरवता येत नाही. तक्रार कोणत्या मात्रेवर सुरू झाली याची नोंद मात्र डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते.

ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया अशा वेळी शरीराला जास्त कॉर्टिसॉल लागते, म्हणून मात्रा तात्पुरती वाढवावी लागू शकते. ती किती वाढवायची, हे आजारी पडण्याआधीच ठरवून ठेवावे. सतत उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल, चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि तेथे पोहोचताच स्टेरॉइड चालू असल्याचे सांगावे, कारण हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन तातडीने द्यावे लागते. औषधाचे नाव व मात्रा लिहिलेले कार्ड खिशात ठेवावे, आणि गोळ्या बंद झाल्यावरही डॉक्टर सांगतील तोपर्यंत ते काढू नये.