मिंट टाकताना एन्क्रिप्शनची टिक विसरू नका

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हा आईच्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट टाकलं, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. मशीन जुनं, रॅम ४ जीबी, म्हणून हलकी एक्सएफसीई आवृत्ती घेतली. इन्स्टॉल करणं सोपं आहे, खरा वेळ द्यायचा तो त्याच्या आधी.

सगळ्यात आधी बॅकअप. फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि त्यातल्या चार-दोन फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. फाइल कॉपी झाली म्हणजे ती उघडेलच असं नाही.

आयएसओ (मिंटची इन्स्टॉल करायची फाइल) उतरवल्यावर चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा कोड, जुळवा आणि ती मिंटवाल्यांचीच आहे हे दाखवणारी डिजिटल सहीसुद्धा तपासा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटची वेबसाइटच हॅक झाली होती आणि १७.३ सिनॅमन या आवृत्तीच्या लिंकवरून काही लोकांच्या हाती बॅकडोअर (मशीनमध्ये शिरायची चोरवाट) घातलेली फाइल पडली. साइटच फोडली तर तिथला चेकसमही बदलता येतो, म्हणून सही. मग आयएसओ पेनड्राइव्हवर चढवा आणि इन्स्टॉल न करता तिथूनच मिंट नुसतं चालवून बघा. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर चालतंय ना, एवढं पाहा.

आता मुख्य गोष्ट. डिस्क पुसून इन्स्टॉल करायचा पर्याय येतो, तिथेच 'अॅडव्हान्स्ड फीचर्स' असं बटण असतं. त्यात एलव्हीएम (डिस्कचे भाग सांभाळणारी सोय) निवडा आणि खालच्या एन्क्रिप्टच्या चौकटीवर टिक करा, म्हणजे पासवर्डशिवाय डिस्कवरचं काहीच वाचता येत नाही. हे नंतर करायचं तर बहुतेक वेळा सगळं पुन्हा टाकावं लागतं. माझा स्वतःचा लॅपटॉप एकदा प्रवासात हरवला. लॉगिनला पासवर्ड होता, पण डिस्क एन्क्रिप्ट केलेली नव्हती. अशा मशीनला लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला की लॉगिन न करताच आतल्या फायली वाचता येतात. ओळखपत्रांचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट्स, सगळं त्यात होतं. कितीतरी रात्री मला झोप नव्हती.

पासफ्रेज (एन्क्रिप्ट केलेली डिस्क उघडायचा लांब पासवर्ड) म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या, रोमन लिपीत. बूट होताना तो विचारला जातो तेव्हा मराठी कीबोर्ड सुरू झालेला नसतो. कागदावर लिहून घरात जपून ठेवा, कारण विसरलात तर तो डेटा कुणीच परत काढून देऊ शकत नाही. आणि बाहेर नेताना लॅपटॉप पूर्ण शट डाउन करा. नुसतं झाकण मिटून सस्पेंड केला, तर डिस्कची किल्ली रॅममध्ये तशीच राहते.

पहिल्या बूटनंतर टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमच्या प्रती ठेवणारा प्रोग्रॅम, चालू करा. एखादा अपडेट बिघडला तर सिस्टिम मागे नेता येते. पण आपल्या फायली असलेलं 'होम' फोल्डर त्यात मुळात धरलेलं नसतं, त्यामुळे फोटोंचा बॅकअप वेगळाच घ्यायला हवा. टाइमशिफ्ट आहे म्हणून पुष्कळ जण निर्धास्त राहतात, आणि फटका इथेच बसतो.

पासवर्ड कुलूपबंद साठवायला कीपासएक्ससी हा प्रोग्रॅम. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाका. जाहिराती आणि ट्रॅकर बरेचसे तिथेच अडतात, जुन्या मशीनवर पानंही भराभर उघडतात. क्वचित एखादी साइट अडून बसते. तेव्हा एक्स्टेन्शन काढून टाकू नका, त्याचं मोठं पॉवर बटण दाबून तेवढ्या साइटपुरतं बंद करा आणि पान रिफ्रेश करा. आईला मी ते एकच बटण दाखवून ठेवलंय, बाकी सगळं ती स्वतः बघते.